बालवाडीतल्या मुलांचं बोलणं वाढावं म्हणून वयानुसार कोणते खेळ घ्यावेत?

तुमच्याकडे दीड ते पाच वर्षांची मुलं एकाच खोलीत आहेत. चित्रांची कार्डं दाखवून ‘हे काय?’ विचारलं की ठरलेली दोघं-तिघंच बोलतात आणि बाकीची गप्प बसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं असेच गट घेतेय. सुरुवातीला माझंही नेमकं हेच व्हायचं.

कार्डं काही दिवस कपाटात ठेवून द्या. ‘हे काय?’ ही तोंडी परीक्षाच असते. ज्याला येतं तो बोलतो, बाकीचे अंग चोरतात. त्याऐवजी झाकणाची एक पारदर्शक बरणी घ्या. सगळ्या वयांना ती पुरते.

दीड-दोन वर्षांची मुलं एका वेळी दोन-तीनच घ्या, तीही दोन-तीन मिनिटं. बरणीत चेंडू टाकून झाकण घट्ट लावा, मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. (हेच सगळ्यात अवघड जातं, आपली जीभ शिवशिवते.) मूल झाकणाशी झटापट करेल, मग तुमच्याकडे बघून बरणी पुढे करेल, ‘उं’ म्हणेल. ते मागणंच आहे. तेव्हा म्हणा, ‘उघडू? उघडते हं... उघडलं!’ साधारण दोन वर्षांपर्यंत मुलांकडे पन्नासेक शब्द जमतात आणि ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ असे दोन शब्द जोडले जाऊ लागतात. म्हणून आपण त्याच्यापेक्षा एकच पायरी पुढे राहायचं. ते ‘गाडी’ म्हणालं की आपण ‘गाडी आली’.

अडीच-तीनच्या मुलांबरोबर मी मुद्दाम चुका करते. ‘बरणीत, बरणीवर, बरणीखाली’ असं अस्वल लपवायचं आणि सांगितलं त्याच्या उलट ठेवायचं. एक मुलगी कित्येक आठवडे माझ्याकडे नुसती बघत बसायची. एकदा मी मोजा हातात चढवला आणि ‘झाली माझी तयारी’ म्हणत दाराकडे निघाले. मागून आवाज आला, ‘नाई! पायात!’ तिचे गटातले पहिले दोन शब्द.

चुकलं तर मुलाकडून पुन्हा म्हणवून घेऊ नका. ‘गाडी पडला’ म्हणालं तर ‘हो, गाडी पडली! धपकन पडली’ एवढंच. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. दोन-अडीच वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं, त्याने घाबरू नका. र आणि ळ तर आणखी उशिरा येतात.

चार-पाच वर्षांच्या मुलांना बरणी कापडाने झाकून द्या. एकाने आत डोकावून खुणा सांगायच्या, इतरांनी ओळखायचं. शिवाय नावातली अक्षरं टाळ्या वाजवून मोजणं, कालची गोष्ट त्यांच्याकडून ऐकणं. बडबडगीत मात्र सगळ्यांबरोबर म्हणा आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. दीड वर्षाचं मूलही तिथे काहीतरी भरतं.

वर्षाचं होऊनही मूल बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, दोन वर्षांचं होऊनही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्दच गेले असतील तर खेळांवर भागवू नका. पालकांना आधी कानांची तपासणी करायला आणि स्पीच थेरपिस्टना भेटायला सांगा. ‘मुलगा आहे, बोलेल उशिरा’ या वाक्यात मी महिने वाया गेलेले बघितलेत.

घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल बोलत नाही, असं मात्र पालकांना सांगू नका. दोन भाषांमुळे असा दोष होत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा, आणि आईबाबांना ज्या भाषेत मोकळेपणाने बोलता येतं तीच बोलू द्या.