वाचकांचे प्रश्न : ब्रह्मदेवाचे वय आणि पूजेतला संकल्प

प्रश्न : संकल्पात गुरुजी ‘अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे’ म्हणतात. हा हिशेब कसा करतात? काही पंचांगांत कल्पारंभापासूनची आणि सृष्ट्यारंभापासूनची गतवर्षे वेगवेगळी दिलेली असतात. त्यांतला कोणता आकडा खरा?

उत्तर : ब्रह्मदेवाचे आयुष्य त्याच्या मापाने 100 वर्षे. त्यातली 50 सरली, 51 वे चालू आहे, म्हणून दुसरे परार्ध, म्हणजे आयुष्याचा दुसरा अर्धा भाग. त्याच्या आजच्या दिवसाचे नाव श्वेतवाराह कल्प.

एका महायुगाची वर्षे 43,20,000 आणि एका कल्पात महायुगे 1000. कल्पात 14 मनू, प्रत्येकाचा काळ (मन्वंतर) 71 महायुगांचा. इथे बहुतेकांचा हिशेब अडतो, कारण 14 गुणिले 71 म्हणजे 994. सहा महायुगे कमी पडतात. ती संधिकाळात असतात. कल्पाच्या आरंभी एक आणि प्रत्येक मनूनंतर एक, असे 15 संधी; प्रत्येक संधी कृतयुगाएवढा, 17,28,000 वर्षांचा. सगळे मिळून बरोबर सहा महायुगे होतात. संधी विसरलात तर पुढचे काहीच जुळणार नाही.

आता आजवरचा काळ मोजू. सहा मनू आणि सात संधी मिळून 1,85,24,16,000 वर्षे. सध्याच्या सातव्या, वैवस्वत मन्वंतरातली सरलेली 27 महायुगे म्हणजे 11,66,40,000. अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर ही तीन युगे 38,88,000. बेरीज 1,97,29,44,000. त्यात गतकली, म्हणजे कलियुगाची सरलेली वर्षे, मिळवा. शकात 3179 मिळवले की गतकली येतो. शके 1947 साठी 5126. म्हणून कल्पाची गतवर्षे 1,97,29,49,126. ही सरलेली वर्षे आहेत. चालू वर्ष हवे असेल तरच एक वाढवावा. पुष्कळांचा आकडा एकाने चुकतो तो इथेच.

दोन्ही आकडे खरेच आहेत. सूर्यसिद्धांत या ज्योतिषाच्या प्राचीन ग्रंथाच्या मते कल्प सुरू झाल्यावर ग्रह, नक्षत्रे आणि चराचर घडवायला ब्रह्मदेवाला 47,400 दिव्य वर्षे लागली. एक दिव्य वर्ष 360 मानवी वर्षांचे, म्हणजे 1,70,64,000 वर्षे. ती वजा केली की सृष्टीची गतवर्षे 1,95,58,85,126 येतात. ग्रहगणित या दुसऱ्या आकड्यावरून करतात, कारण ग्रहांची गती सुरू झाली ती तेव्हापासून. निर्मितीलाही वेळ लागतो हे सूर्यसिद्धांताने गणितात धरले, ही आम्हाला त्यातली फार मोलाची गोष्ट वाटते.

प्रश्न : पुण्याहून नागपूरला राहायला आलो. संकल्प बदलावा लागेल का?

उत्तर : काळाचा भाग तोच, स्थळाचा बदलेल. पुण्यात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणत होतात, नागपुरात ‘उत्तरे तीरे’ म्हणा. ‘कलियुगे प्रथमचरणे’ मात्र तसेच ठेवा. एक चरण 1,08,000 वर्षांचा आहे.