वॉर्डमध्ये पाऊल टाकण्याआधी: नव्या इंटर्नला पत्र

प्रिय डॉक्टर,

सिस्टर, रेसिडेंट (पीजी करणारे डॉक्टर), सर-मॅडम यांच्याशी जमवून कसं घ्यायचं, असं तू विचारलं आहेस. सरकारी रुग्णालयातली इंटर्नशिप बारा महिन्यांची असली तरी पोस्टिंग सतत बदलत राहतं. ईएनटी, डोळे अशा विभागांत जेमतेम दोन आठवडे मिळतात. एवढ्या दिवसांत कोणी तुझा स्वभाव समजून घ्यायला बसत नाही. तू केलेलं काम दुसऱ्याला परत करावं लागतं का, एवढंच लोक बघतात आणि त्यावरून तुला जवळ करायचं की लांब ठेवायचं ते ठरवतात.

म्हणून आधी रक्ताच्या सॅम्पलबद्दल. राउंडच्या आधी वॉर्डभर रक्त काढत फिरणं हे इंटर्नचंच काम. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखायला ती खुणेपर्यंत भरावी लागते. अर्धवट भरली की लॅब परत पाठवते, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) अडतो, ऑपरेशनची यादी खोळंबते आणि बोलणी खातो जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट. जांभळ्या ट्यूबमध्ये जास्त झालेलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतायचा मोह होईल, ओतू नकोस. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएत (हेही रक्त गोठू देत नाही) पोटॅशियम असतं, शिवाय ते कॅल्शियम बांधून टाकतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम आठ-नऊ आणि कॅल्शियम तळाला गेलेलं दिसतं, रेसिडेंट ईसीजी मशीन घेऊन धावत येतो आणि पेशंट खाटेवर निवांत चहा पीत असतो. असं एकदा झालं की पोस्टिंग संपेपर्यंत तुझ्या प्रत्येक सॅम्पलकडे संशयानेच बघतात. क्रम पाठ असू दे: ब्लड कल्चर, निळी, लाल, जांभळी, शेवटी राखाडी. जांभळी ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी कर, निळी तीन-चार वेळा. क्रॉसमॅचच्या (चढवायचं रक्त पेशंटशी जुळवून बघायच्या) ट्यूबवर नाव रक्त काढल्यावर, खाटेपाशी उभं राहून आणि पेशंटलाच त्याचं नाव विचारून लिहायचं. टेबलावर बसून आधीच नावं टाकून ठेवलेल्या ट्यूबा हमखास अदलाबदल होतात, आणि चुकीच्या गटाचं रक्त चढतं ते अशानेच.

इन्चार्ज सिस्टरना पहिल्या दिवशी आपणहून भेट. नाव, युनिट, किती दिवस आहे, एवढं सांग आणि इमर्जन्सी ट्रेमध्ये काय कुठे असतं ते विचारून घे. ड्यूटी बदलताना, म्हणजे सकाळी आठ आणि दुपारी दोनच्या सुमाराला, त्या हँडओव्हर देत असतात, औषधं मोजत असतात. तेव्हा मध्येच ‘सिस्टर, जरा कॅन्युला द्या ना’ नको. रेसिडेंटने फोनवर सांगितलेलं औषध केसपेपरवर उतरवूनच दे: डोस, कोणत्या मार्गाने, किती वाजता, कोणी सांगितलं, खाली तुझी सही. तोंडी ऑर्डरवर दिलेल्या इंजेक्शनची चौकशी झाली तर अडकतात त्या, म्हणून तोंडी सांगणाऱ्या इंटर्नवर त्या नाराज असतात. आणि ‘डॉक्टर, हा पेशंट मला बरा दिसत नाही’ असं एखादी जुनी सिस्टर म्हणाली, तर डिस्चार्ज कार्ड अर्धवट टाकून उठ.

वॉर्डातल्या मामा-मावशींशी (वॉर्डबॉय आणि आया) गोड बोलणारे पुष्कळ इंटर्न असतात. त्यातलेच काही कॅन्युला टाकून झाल्यावर आतली सुई गादीवर विसरून जातात. चादर बदलताना ती मावशींच्या हातात घुसते. पुढे वर्षभर ‘मावशी, मावशी’ केलं तरी काही उपयोग नाही. ज्याने सुई उघडली त्यानेच ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची, कॅप परत न लावता. खाटेपासून हलण्याआधी सुया मोजायच्या. तरीही कोणाला टोचलीच, तर जखम पिळू देऊ नकोस. साबण-पाण्याने धुवायला लाव आणि स्वतः बरोबर जाऊन नोंद करून दे. पीईपीची, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायची, गोळी दोन तासांच्या आत मिळालेली उत्तम, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याला तिथेच अडव.

रात्री दोनला रेसिडेंटला फोन करायची भीती सगळ्यांनाच वाटते. त्याचा राग झोपमोडीपेक्षा अर्धवट माहितीवर जास्त असतो. फोन लावण्याआधी पेशंटला हात लाव, आकडे लिहून घे, मग बोल:

‘सर, फीमेल मेडिसिन, खाट १४. पंचावन्न वर्षांच्या बाई, न्यूमोनिया, तिसरा दिवस. अर्ध्या तासापासून धाप वाढली आहे. श्वास ३४, मास्कवर सॅच्युरेशन ८६, बीपी ९०/६०, नाडी १२४, शुगर १६०. रिझर्व्हॉयर मास्क लावलाय, लाइन चालू आहे. तुम्ही आत्ता यावं.’

अर्ध्या मिनिटात होतं. काय हवंय ते शेवटी स्पष्ट सांगायचं: या, की फक्त डोस सांगा. न मोजलेला आकडा कधीही सांगू नकोस. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचा श्वास मिनिटाला अठराच असतो, असं आपल्याकडचे केसपेपर म्हणतात. रेसिडेंटला हे चांगलं माहीत आहे, कारण काल-परवापर्यंत तोही तेच लिहीत होता.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र बरोबरच्या इंटर्नशीच होतात, आणि त्यांचं मूळ लायब्ररीत असतं. नीट-पीजीचा, म्हणजे पीजीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास प्रत्येकालाच आहे. ड्यूटी बदलायची तर दोघांची नावं, तारीख आणि वेळ ग्रुपवर लिहा आणि जेआरला कळवा. ‘दहा मिनिटांत आलो’ म्हणून गायब होणाऱ्याला पहिल्यांदा सांभाळून घे, दुसऱ्यांदा तोंडावर सांग. न सांगता त्याचं काम ओढत राहिलीस किंवा राहिलास, तर तीच पद्धत पडते.

मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांच्या मागे लागू नकोस, त्यांना वेळ नसतो. शिकवायची हौस असलेले असिस्टंट प्रोफेसर शोध. भर राउंडमध्ये शंका काढू नकोस, ओपीडी संपल्यावर जा. एकच पेशंट, एकच प्रश्न आणि त्यावर तू आधी काय वाचलंस ते, एवढं घेऊन जा. आठवड्याने त्या पेशंटचं पुढे काय झालं ते आपणहून सांग. बहुतेक जण हे करत नाहीत, म्हणूनच ते लक्षात राहतं. ब्रँच निवडायचा सल्ला मात्र सरांकडून घेऊ नकोस, त्या ब्रँचच्या जेआर-२ ला रात्रीच्या जेवणाला गाठ. तो खरं बोलतो.

कम्युनिटी मेडिसिनचे बारा आठवडे सुट्टी समजून घालवू नकोस. गावात कोणत्या वाडीत बाळाचा डोस राहिलाय ते आशाताईंना तोंडपाठ असतं. लसीकरणाच्या दिवशी एएनएम (आरोग्यसेविका) गोवर-रुबेलाची बाटली उघडतात तेव्हा तिच्यावर वेळ लिहायचं काम तू घे. चार तासांनी ती टाकावी लागते.

लॉगबुकवर सही मागायला पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी धावू नकोस, त्याच दिवशी मॅडम रजेवर असतात. नोंदी रोजच्या रोज भर आणि शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी, राउंड झाल्यावर, पेन उघडून समोर ठेव.