समुद्राकाठच्या पाणथळ अभयारण्यात पक्षी बघायला पहिल्यांदाच जातोय, किती वाजता पोचू आणि मोठी लेन्स घेऊ का?

पहाटे किती वाजता पोचायचं हे नंतर ठरवा, आधी त्या जागेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. जंगलात पहाट चुकली की दिवस गेला असं म्हणतात ते बरोबरच आहे, पण किनाऱ्यावर पक्षी कुठे असणार हे पाणी ठरवतं. आणि दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं म्हणजे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे मित्र मागच्या आठवड्यात सकाळी ७ ला गेला आणि त्याला भरपूर दिसले म्हणून तुम्हीपण ७ ला जाल तर फसाल.

मी पहिल्या वेळी असाच फसलो होतो. अंधारात उठून पोचलो तर समोर पार लांबपर्यंत नुसता चिखल आणि त्याच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढे ठिपके हलतायत, दुर्बिणीतून ते पक्षी आहेत एवढंच कळत होतं. पूर्ण ओहोटी होती. पाणी उतरलं की पक्षी त्याच्या कडेकडेने आत जातात कारण तिथला ओला मऊ चिखल किडे, शिंपल्या, बारीक खेकडे यांनी भरलेला असतो, आणि पाणी चढायला लागलं की तेच पाणी त्यांना हळूहळू तुमच्या बाजूला ढकलत आणतं. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा आणि एका जागी बसून राहा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते तेव्हा अख्खा चिखल बुडतो आणि सगळे थवे काठाजवळच्या उंच जागांवर दाटीवाटीने येऊन बसतात, तो दिवस मिळाला तर सोडू नका. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि पक्षीही लांबच राहतात.

आता लेन्स. मला विचाराल तर पहिल्या वर्षी कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, एक चांगली ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. ८ म्हणजे ती किती पट जवळ दाखवते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची घेतली तर हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि थव्यातला नेमका पक्षी शोधताना वैताग येतो. स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची जास्त पटीची दुर्बीण, कुणाकडे असेल तर विनंती करून एकदा डोळा लावाच, पक्षी बघणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. सूर्य पाठीमागे राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. आणि ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा कितीही महागडी लेन्स असो, लांबचा फोटो धूसरच येतो.

ओळखायचं कसं हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच. रंगावर जाऊ नका, हिवाळ्यात यातले बहुतेक पक्षी राखी-तपकिरी असतात आणि सुरुवातीला सगळे सारखेच वाटतात, मलाही वाटायचे. चोच किती लांब, सरळ की वाकडी, पाय केवढे, आणि मुख्य म्हणजे खातो कसा ते बघा. चिखल्या नावाचा पक्षी डोळ्यांनी शिकार शोधतो म्हणून थोडं पळतो, थबकतो, पटकन टिपतो. तुतवार हा पक्षी सतत चालत चालत चोचीने चिखल चाचपत असतो. कर्ल्यू या मोठ्या पक्ष्याची लांब वाकडी चोच खोल बिळातला खेकडा काढते जिथे तुतवाराची पोचतच नाही, म्हणून एकाच चिखलावर इतक्या जातीचे पक्षी एकत्र चरू शकतात. हे एकदा लक्षात आलं की तासन्‌तास कसे जातात कळत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, भरतीला दाटीने बसलेल्या थव्याजवळ जाऊ नका. ते आरामात बसलेत असं वाटतं पण तेव्हा त्यांना खायला जागा नसते आणि अंगातली चरबी राखून ठेवायची असते. ही चरबी किती मोलाची असते बघा, २०२२ मध्ये सॅटेलाइट टॅग लावलेलं बार-टेल्ड गॉडविट या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याचं जेमतेम ५ महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघून कुठेही न उतरता ११ दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला पोचलं, १३,५६० किलोमीटर! मध्ये समुद्रावर टेकायची सोय नाही कारण हे पक्षी बदकासारखे पाण्यावर बसून विश्रांती घेत नाहीत. आपण एका फोटोसाठी थवा उडवला की त्यातलंच थोडं जळतं, आणि दिवसात असे दहाजण आले तर? माना ताठ करून सगळे एकाच दिशेला बघायला लागले किंवा कडेचे चालत सरकायला लागले की तुम्ही जास्त जवळ गेलात असं समजा, तिथेच थांबा, हळू मागे या. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, ड्रोन तर अजिबात नको. सगळा थवा अचानक आपणहून उडाला तर आधी वर बघा, बहुतेक वेळा ससाणा असतो.

बाकी मळकट रंगाचे कपडे, टोपी, भरपूर पाणी, एवढं पुरे. चिखलात मात्र उतरू नका, वरून घट्ट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत पाय जातो, शिवाय भरतीचं पाणी नाल्यांमधून तुमच्या मागून आत शिरतं आणि परतीची वाट बंद होते. ठरलेल्या वाटेवर किंवा लपणात, म्हणजे पक्षी बघण्यासाठी बांधलेल्या आडोशात, बसूनच बघा.

आणि भरती पूर्ण झाली की लगेच उठू नका हो. बरेच लोक तेव्हाच निघतात. अजून तास-दीड तास थांबा, पाणी उतरून चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली की इतका वेळ एका पायावर झोपलेला थवा जागा होतो, पंख ताणतो आणि भुकेला होऊन तुमच्या समोरच चरायला उतरतो.