राजकारणाची आवड आहे, बातमी कुणाची खरी मानू?

प्रश्न : वय १९. घरी सगळे एकाच पक्षाचे, माझी मतंही तशीच बनली. आता स्वतः वाचून ठरवायचंय. भरवशाची माध्यमं कोणती?

उत्तर : आधी बातमी मुळात कुठून आली ते बघा. रॉयटर्स किंवा एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थांची एकच बातमी दहा ठिकाणी छापून येते. म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, एकच. मथळ्यावर तर मुळीच जाऊ नका, तो बहुधा बातमीदाराने दिलेलाच नसतो. विधेयकाची बातमी असेल तर मसुदा उघडून निदान व्याख्या आणि शिक्षेची कलमं वाचा. चर्चेतला निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

जनमत चाचणीत नमुना किती, म्हणजे किती जणांना विचारलं, ते पाहा. हजार जणांच्या चाचणीत प्रत्येक आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे ४४ विरुद्ध ४२ ही आघाडी म्हणताच येत नाही, वाहिन्या कितीही ओरडोत. त्यातल्या फक्त तरुणांचा आकडा वेगळा काढला, तर नमुना आणखी लहान आणि चूक आणखी मोठी.

फोटोचा संशय आला तर तो उलट शोधात टाका, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच देऊन तो आधी कुठे आला होता ते शोधा. जुनाच फोटो नव्या घटनेला चिकटवलेला बऱ्याचदा सापडतो. आणि आपल्या मताला धरून असलेली बातमी दुप्पट तपासा, कारण फसगत तिथेच होते.