"तिथं बघायला सांगू नका"

"मॅडम, बाकी सगळं सोसेन, पण तिथं बघायला सांगू नका." शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी काकू मला म्हणाल्या. वय ६१. योनीमुखाचा कॅन्सर. गाठ आणि जांघेतल्या लसिकाग्रंथी काढलेल्या. हा आजार विरळा, पण तो झालेल्या बायकांचा प्रश्न बहुतेकदा एकच असतो: माझं काय चुकलं म्हणून हे नेमकं तिथंच झालं?

काकूंना दोन वर्षं खाज सुटत होती. सांगायची लाज, म्हणून मलमं लावत राहिल्या. गाठीभोवतीची त्वचा पांढुरकी, कागदासारखी झालेली. लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे त्वचेचा जुना दाह. तो असलेल्या थोड्या बायकांनाच पुढे कॅन्सर होतो. यात चूक कसली? काहींच्या बाबतीत कारण एचपीव्ही, म्हणजे शरीरसंबंधांतून पसरणारा एक विषाणू असतो. तो इतका सर्रास आढळतो आणि इतकी वर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो, की त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडता येत नाही. नवऱ्याच्याही नाही.

काकूंनी ऐकून घेतलं, पण त्या मोकळ्या झाल्या त्या ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांपाशी. सिस्टर आधी पडदा नीट ओढून घ्यायच्या. लागेल तेवढंच उघडं, बाकी अंगावर चादर. "आता कोमट पाणी सोडते हं," असं सांगून मगच हात लावायच्या. पुसताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आरसा त्यांनी हातात दिला नाही, उशाशी पालथा ठेवला. तीन दिवस तो तसाच होता. चौथ्या दिवशी काकूंनी तो उचलला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, नुसतं भोक राहिलं असेल."

मग त्या खूप रडल्या. आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो.

जाण्याआधी सिस्टरांनी पायाचं समजावलं. ग्रंथी काढल्यामुळे पाय जड वाटू शकतो, सुजू शकतो. लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. शरीरसंबंधांचं मी स्वतःहून काढलं. वयाकडे बघून तो विषय टाळणं मला पटत नाही. काकू खाली बघत म्हणाल्या, "ह्यांना तुम्हीच सांगाल का?"

पुढच्या भेटीला काका सोबत आले. त्यांच्या खिशात मोजपट्टी होती. पाय नेमका कुठे मोजायचा, ते त्यांना सिस्टरांकडून पुन्हा शिकायचं होतं.