जनुक ‘बंद’ की ‘सुप्त’?

राजापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: शाळेच्या भित्तिपत्रकात ‘हिवतापाचा परजीवी काही जनुके बंद ठेवतो’ असं लिहावं की ‘सुप्त ठेवतो’? आणि ‘अभिव्यक्ती’ मुलांना कळेल का?

‘सुप्त’ नको. हिवतापाच्या बाबतीत तो शब्द आधीच गुंतलेला आहे. प्लाझमोडियम व्हायवॅक्स ही या परजीवीची एक जात; तो यकृतात महिनोन्महिने पडून राहतो आणि मग ताप उलटतो, ती सुप्तावस्था. तिथे अख्खा परजीवीच निजलेला असतो. चिरेखाणीतल्या साचलेल्या पाण्याजवळ राहणाऱ्या ज्या मुलांनी घरात उलटलेला ताप पाहिला असेल, त्यांचा नक्की घोटाळा होईल.

‘बंद’ उत्तम, पण काय बंद आहे ते सांगायला हवं. परजीवीच्या फाल्सिपॅरम या दुसऱ्या जातीत ‘व्हार’ कुळातली सुमारे ६० जनुके असतात. एका परजीवीत एका वेळी त्यांतलं साधारण एकच चालतं आणि त्याचं प्रथिन तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं. शरीर ते ओळखू लागेपर्यंत काही परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. म्हणून तर हा आजार इतका चिवट! बाकीची जनुके घट्ट गुंडाळलेल्या डीएनएत असतात, त्यांची आरएनए प्रतच, म्हणजे जिच्यावरून प्रथिन बनतं ती नक्कलच, निघत नाही. इथे ‘बंद’ अगदी चपखल. ‘एपी२-जी’ हे जनुकही बहुतेक परजीवींत असंच बंद असतं; ज्या थोड्यांत ते उघडतं, तेच डासात वाढू शकणाऱ्या नर-मादी रूपांकडे वळतात.

मादी रूपात मात्र ‘बंद’ चुकतो. तिथे काही जनुके चालू असतात, आरएनए प्रती तयार असतात, पण प्रथिन बनत नाही. पुढच्या पेरणीसाठी भात राखून ठेवावं तशा त्या प्रती राखलेल्या असतात. डासाच्या पोटात गेल्यावर त्यांचा वापर सुरू होतो. इथे ‘प्रत राखून ठेवतो’ असंच लिहा.

‘अभिव्यक्ती’ म्हटलं की मुलांना कविता आठवते. एकदा ‘जनुकातल्या माहितीवरून प्रथिन बनणे, म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती’ असं लिहून टाका, मग शब्द खुशाल वापरा. त्या अभिव्यक्तीचं ‘नियमन’ म्हणा, ‘नियंत्रण’ नको; ‘हिवताप नियंत्रण’ हे आरोग्य खात्याचं काम म्हणून मुलांना ठाऊक असतं.