थर्मोस्टॅट काढून टाकला तर जुनी कॅम्पर व्हॅन चढावर तापायची थांबेल का?

काढू नका. तीस वर्षांची व्हॅन, हिवाळ्यात तक्रार नाही, उन्हाळ्यातही सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध, आणि लांब चढ लागला की लालकडे सरकतो, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून माझा पहिला संशय रेडिएटरवर जातो.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो मानला, म्हणून थोडं अनुभवाचं सांगतो. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तापलं की आपोआप उघडणारी झडप. बऱ्याच इंजिनांत तो दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. मग गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो. माझी गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली! थर्मोस्टॅटवर शंकाच असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवत न्या. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे.

हिवाळ्यात का चालतं? रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंश आणि हवा २५ असेल तर फरक ६५. हवा ४२ झाली की फरक उरतो ४८. म्हणजे रेडिएटर तोच, पण काम पाव हिश्शाने कमी. नवा असताना एवढी तूट तो पचवत होता. आता आत क्षार बसून काही नळ्या बुजल्या असतील तर ती ऐपत संपलेली असते. त्यात कॅम्पर म्हणजे पलंग, पाण्याची टाकी, गॅस, कपाटं, सगळा संसार घेऊन चढणारी गाडी.

गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर सगळीकडे फिरवा. मधेच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या बुजल्यात. हात जपा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. एसी असेल तर त्याचा कंडेन्सर (रेडिएटरसारखीच दिसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत डोकवा. माझ्या गाडीत तिथे किडे आणि धुळीची अक्षरशः गादी होती, समोरून मात्र सगळं लख्ख. इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून ती काढली.

गाडी रांगेत उभी असताना तापून वेगात निवत असती, तर मी आधी फॅनकडे पाहिलं असतं.

रेडिएटरची कॅप मात्र बदलूनच टाका. किरकोळ वस्तू, पण मोठं काम करते. वातावरणाच्या वर १ बार दाब तिने धरला, तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर सैल झालं की उकळी १०० लाच, उंचावर त्याही आधी. गरम असताना ती उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.

तोवर चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका. एक गिअर खाली घेतलात की पंप जोरात फिरतो, फॅन पट्ट्यावर असेल तर तोही. एसी बंद, आतला हीटर पूर्ण चालू, काचा खाली. घाम निघेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच.

आणि एक तपासणी गॅरेजला जाण्याआधी करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढून गाडी सुरू करा. नुकतंच कूलंट भरलं असेल तर अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे येऊन थांबतात. ते थांबतच नसतील आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याची शक्यता आहे. तसं असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.